डायनोचा कागद कसा वाचावा : ट्यून केलेल्या गाडीच्या नव्या मालकांसाठी

ट्यून केलेली गाडी डायनोवरून, म्हणजे तिची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावरून, खाली उतरली की मालकाच्या हाती एक छापील कागद पडतो. त्यावर पॉवर आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) यांच्या दोन रेषा असतात, खाली आरपीएमचा (दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) अक्ष असतो आणि वर ठळक अक्षरांत एक आकडा असतो. बहुतेकांची नजर त्या आकड्यावर जाते आणि तिथेच थांबते. खरे पाहता त्या कागदावर सर्वांत कमी माहिती देणारी गोष्ट म्हणजे तो आकडाच होय, कारण तो बाकी सगळ्या गोष्टींवर अवलंबून असतो आणि त्या गोष्टी कागदावर कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत दडलेल्या असतात किंवा मुळीच छापलेल्या नसतात. म्हणून नवख्या वाचकाने कागद नेहमीच्या उलट क्रमाने वाचावा: आधी कोपरा, मग रेषांचा आकार, मग बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), लॅम्डा (हवा आणि इंधन यांचे प्रमाण) आणि तापमान, आणि कमाल पॉवरचा आकडा सर्वांत शेवटी.

यंत्र नेमके काय मोजते

रोलर डायनो इंजिनाची पॉवर थेट मोजत नाही. जडत्वावर चालणाऱ्या डायनोत ठरावीक वस्तुमानाचा एक जड लोखंडी ड्रम असतो. गाडीची चाके तो ड्रम किती वेगाने पळवतात यावरून पॉवरचे गणित मांडले जाते. लोड डायनोत रोलरला एडी करंट पद्धतीचा (चुंबकीय) ब्रेक जोडलेला असतो आणि त्या ब्रेकवर पडणारा जोर मोजला जातो. हब डायनोत चाके काढून यंत्र थेट हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) बोल्टने जोडतात, त्यामुळे टायरची घसरण आणि टायरमध्ये वाया जाणारी ऊर्जा हा प्रश्नच उरत नाही. ब्रेक लावून इंजिनाचा जोर मोजण्याची मूळ कल्पना जुनी आहे. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ च्या सुमारास तसा ब्रेक तयार केला होता. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ या शब्दातला ब्रेक गाडी थांबवणारा नसून हा मोजणीचा ब्रेक आहे.

यातून निघणारी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढे ती अनेकदा उपयोगी पडते. रोलरवरचा जोर आणि रोलरचा वेग यांच्या गुणाकारातून पॉवर मिळते. इंजिनाचा टॉर्क मात्र त्या पॉवरला इंजिनाच्या आरपीएमने भागून काढला जातो. म्हणजे डायनोला आरपीएम चुकीचे मिळाले, तर पॉवरचा आकडा बरोबर राहूनही टॉर्कचा आकडा चुकतो. इंजिन प्रत्यक्षात ६००० आरपीएमवर फिरत असताना डायनोच्या संगणकात ५७०० नोंदले जात असतील, तर टॉर्क सुमारे पाच टक्क्यांनी फुगून दिसेल. पॉवर नेहमीइतकीच आणि टॉर्क मात्र अचानक वाढलेला दिसला, तर ट्यूनरची पाठ थोपटण्याआधी आरपीएमची जुळणी कशी केली होती ते विचारावे.

पहिली पायरी : कोपऱ्यातली बारीक अक्षरे

सर्वप्रथम एकक पाहावे. मेट्रिक हॉर्सपॉवर, म्हणजे पीएस, ७३५.५ वॅटचा असतो, तर बीएचपी सुमारे ७४५.७ वॅटचा. त्यामुळे ३०० पीएस म्हणजे साधारण २९६ बीएचपी. फरक लहान आहे. पण ‘नव्या एअर फिल्टरने चार हॉर्सपॉवर वाढले’ असे सांगणाऱ्याचे चार हॉर्सपॉवर कधी कधी याच फरकातून आलेले असतात.

एकक कळले की एक सोपी पडताळणी करता येते. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घेऊन आरपीएमने गुणावा आणि ९५४९ ने भागावे, म्हणजे पॉवर किलोवॅटमध्ये मिळते. ७०२४ ने भागल्यास ती पीएसमध्ये मिळते. टॉर्क पाउंड फुटांत असेल तर ५२५२ ने भागून हॉर्सपॉवर मिळतात. म्हणूनच हॉर्सपॉवर आणि पाउंड फूट एकाच मापाच्या अक्षावर काढले असतील, तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमवर एकमेकींना छेदतात. पीएस आणि न्यूटन मीटर असतील तर छेद ७०२४ वर येतो, आणि अनेक गाड्या तितक्या आरपीएमला पोहोचतच नसल्याने त्या कागदावर रेषा छेदत नाहीत; त्यात काही चूक नसते. मात्र छेद भलत्याच ठिकाणी असेल तर दोन अक्षांची मापे वेगळी आहेत किंवा टॉर्क इंजिनाचा नसून चाकावरचा आहे, असे समजावे. काही हब डायनो गिअरने वाढलेला टॉर्क जसाच्या तसा छापतात. एकूण गिअर गुणोत्तर चार असेल तर ३५० न्यूटन मीटरचे इंजिन कागदावर १४०० दाखवील, आणि ते पाहून हुरळून जाणारा मालक मी स्वतः पाहिलेला आहे.

एककानंतर करेक्शन फॅक्टर पाहावा. हवा थंड, कोरडी आणि दाट असेल तर इंजिनाला ऑक्सिजन अधिक मिळतो व पॉवर वाढते. म्हणून वेगवेगळ्या दिवसांची तुलना करता यावी यासाठी मोजलेला आकडा एका ठरावीक हवामानाला जुळवून घेतात. अडचण अशी की हे ‘ठरावीक’ हवामान प्रत्येक मानकात वेगळे आहे. एसएई जे १३४९ हे मानक २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरते. डीआयएन ७००२० मध्ये २० अंश आणि १०१३ मिलिबार धरतात. कागदावर ‘एसटीडी’ असे छापलेले असेल तर ते साधारण साडेपंधरा अंश आणि समुद्रसपाटीचा पूर्ण दाब गृहीत धरणारे जुने मानक असते. तीच गाडी, तोच रन (डायनोवरची एक चाचणी), पण एसटीडीमध्ये आकडा एसएईपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी मोठा दिसतो.

हा चार टक्क्यांचा धडा मला स्वतःच्या गाडीने शिकवला. पहिल्या मॅपनंतर (मॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातले सेटिंग) चाकावर २८५ मिळाले होते. काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी मॅपमध्ये किरकोळ सुधारणा करून घेतली आणि कागदावर २९६ आले. मी तो कागद बरेच दिवस मोठ्या अभिमानाने जपला. पुढे एकदा दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा पहिल्याच्या कोपऱ्यात ‘एसएई’ आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात ‘एसटीडी’ असे दिसले. २८५ ला १.०४ ने गुणा. उत्तर २९६ च्या पुढे थोडेसे जाते. मी पैसे मोजून घेतलेली वाढ छपाईच्या सेटिंगमधली होती.

टर्बो गाडीच्या बाबतीत करेक्शन अधिकच जपून घ्यावे लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर हवेचा दाब ८४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि तिथे एसएईचा गुणक जवळपास १.२० येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला हा न्याय बऱ्यापैकी लागू पडतो. पण टर्बो इंजिनाचा ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) वेस्टगेट (एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) अधिक काळ बंद ठेवून इनटेकमधला (हवा आत येणाऱ्या मार्गातला) दाब पुष्कळसा भरून काढत असेल, तर इंजिनाने न गमावलेल्या पॉवरचीही भरपाई कागदावर मिळते. अशा वेळी करेक्शनविना आकडाही मागून घ्यावा आणि गुणक किती लावला आहे ते पाहावे. गुणक १.०२ असेल तर वाद नाही; १.१५ असेल तर मग वाद घालायलाच हवा.

कोपऱ्यातली शेवटची गोष्ट म्हणजे स्मूदिंग, म्हणजे रेषा किती गुळगुळीत करून छापली आहे ते. जास्त स्मूदिंगमध्ये मिसफायरचे (सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटण्याचे) दातेरी काठ आणि बूस्टचे झटके दिसेनासे होतात. कागद दाखवण्यासाठी हवा असेल तर गुळगुळीत रेषा छान दिसते. निदानासाठी हवा असेल तर कमीत कमी स्मूदिंगची प्रत मागावी.

दुसरी पायरी : चाकावरची पॉवर की क्रँकवरची

डायनो चाकावर मिळणारी पॉवर मोजतो. कंपनी जाहीर करते ती क्रँकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, असते. मधली पॉवर गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, बेअरिंग आणि टायर यांत खर्च होते. कागदावर ‘क्रँक’ असे लिहिलेले असेल तर तो आकडा कसा काढला हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे.

चाकावर २४८ पीएस मिळाले असे समजू. पंधरा टक्के हानी धरली तर क्रँकवर २९२ होतात. वीस टक्के धरली तर ३१०. म्हणजे एका बटणाच्या जोरावर अठरा पीएसचा फरक पडतो. शिवाय ठरावीक टक्केवारीची पद्धत तर्कालाही फारशी धरून नाही. चाकावर २०० असताना पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ३५ पीएस वाया जातात. तीच गाडी ट्यून करून ४०० पर्यंत नेली तर त्याच हिशेबाने सत्तर वाया गेले पाहिजेत. गिअरबॉक्स तोच, तेल तेच, टायर तेच. भार वाढला की दातांमधले घर्षण काही प्रमाणात वाढते हे खरे, पण हानीचा मोठा भाग वेगावर अवलंबून असतो आणि तो दुप्पट होत नाही.

यापेक्षा बरी पद्धत कोस्टडाउनची. रन संपताच क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये टाकून रोलर आपोआप मंदावू देतात आणि त्या मंदावण्यावरून हानी मोजतात. तीत त्या गाडीची, त्या दिवशीची, त्या टायरची हानी मिळते. फक्त गिअरवर त्या वेळी भार नसल्याने ती प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी येऊ शकते. ट्यूनिंगचा परिणाम पाहायचा असेल तर मात्र क्रँकच्या वादात पडूच नये. चाकावरचा आधीचा आणि नंतरचा आकडा पुरेसा आहे.

तिसरी पायरी : रेषांचा आकार

आता आकडे बाजूला ठेवून टॉर्कची रेषा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावी. पॉवर ही टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार असल्याने पॉवरची रेषा टॉर्कच्या खोडी झाकते. दोष शोधायचा तर टॉर्ककडेच पाहिले पाहिजे.

निरोगी टर्बो पेट्रोल गाडीत टॉर्क चढतो, काही काळ पठारासारखा टिकतो आणि मग हळूहळू उतरतो. समजा एका दोन लिटर इंजिनाच्या कागदावर ३६०० आरपीएमला ३६० न्यूटन मीटर, ५८०० ला ३०० आणि ६५०० ला २५५ आहेत. वरच्या सूत्राने पॉवर अनुक्रमे सुमारे १८४, २४८ आणि २३६ पीएस येते. टॉर्क ३६०० नंतर सतत उतरत असूनही पॉवर ५८०० पर्यंत वाढत राहिली, कारण आरपीएम त्याहून वेगाने वाढत होते. ‘टॉर्क पडतोय म्हणजे काहीतरी बिघडले’ असे यावरून म्हणता येत नाही. बिघाड ओळखायचा तो पडण्याच्या पद्धतीवरून.

रेषा वरच्या आरपीएमला करवतीच्या दातांसारखी होत असेल तर संशय मिसफायरवर घ्यावा. बूस्ट वाढवले की सिलिंडरमधल्या दाट मिश्रणातून ठिणगी उडणे कठीण होते. जुने प्लग, जास्त गॅप किंवा थकलेली कॉइल अशा वेळी उघडी पडते. प्लगची गॅप थोडी कमी करून पुन्हा रन घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो आधी करून पाहावा. टॉर्क ऐन शिखरावर असताना रेषा एकदम खाली येत असेल आणि त्याच क्षणी इंजिनाचे आरपीएम रोलरच्या वेगाच्या मानाने भरभर वाढत असतील, तर क्लच सुटतो आहे. हे दिसण्यासाठी आरपीएम इंजिनाकडूनच घेतलेले असावे लागते. ते रोलरच्या वेगावरून काढलेले असेल तर यंत्राला घसरण कळतच नाही. टायर घसरत असेल तरी असाच विसंवाद दिसतो, पण टायर पुन्हा पकड घेतो तेव्हा रेषेत वर जाणारा एक तीक्ष्ण काटा उमटतो, आणि नेमका तोच काटा कधी कधी ‘कमाल पॉवर’ म्हणून ठळक अक्षरांत छापला जातो.

टॉर्कचे पठार पट्टीने आखल्यासारखे सपाट असेल तर ईसीयूची टॉर्क मर्यादा काम करते आहे. इंजिनाकडे आणखी देण्याची ताकद असूनही थ्रॉटल किंवा बूस्ट आवरले जात आहे. गिअरबॉक्स वाचवण्यासाठी ट्यूनरने ती मुद्दाम ठेवलेली असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. दोन चाकांच्या डायनोवर बाकीची दोन चाके स्थिर असतात. स्थैर्य नियंत्रण प्रणाली पूर्ण बंद केलेली नसेल तर तिला गाडी घसरते आहे असे वाटते आणि ती पॉवर कापते. तेव्हा रेषेत मध्येच खोल खड्डा पडतो. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसेल तर तो कमी आरपीएमला टॉर्क वाढवून देतो आणि रेषेच्या सुरुवातीला एक खोटा उंचवटा दिसतो. त्याकडे दुर्लक्ष करावे.

चौथी पायरी : बूस्ट, लॅम्डा आणि तापमान

फक्त पॉवर आणि टॉर्क असलेला कागद म्हणजे ताप किती आहे ते न पाहता रुग्णाचे वजन सांगण्यासारखे आहे. बूस्ट आणि लॅम्डाच्या रेषा त्याच आरपीएम अक्षावर हव्यात.

वरच्याच गाडीचे पुढचे आकडे घेऊ. ३६०० ला बूस्ट १.५ बार, ५००० ला १.३५ आणि ६५०० ला १.१. टर्बो लहान असेल तर वरच्या आरपीएमला तो पुरेशी हवा देऊ शकत नाही, त्यामुळे ही उतरण अपेक्षितही असू शकते. मॅपमध्ये मागितलेले बूस्ट किती होते ते ईसीयूच्या लॉगमध्ये (नोंदींत) पाहावे. मागणीच १.१ असेल तर सर्व ठीक, मागणी १.४ असून मिळत १.१ असेल तर गळका होज, सैल क्लॅम्प, कमकुवत वेस्टगेट किंवा क्षमतेच्या टोकाला पोहोचलेला टर्बो, यांपैकी काहीतरी आहे.

लॅम्डा म्हणजे इंधनाच्या पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती हवा आहे ते प्रमाण. पेट्रोलसाठी लॅम्डा १ म्हणजे १४.७ भाग हवेला एक भाग इंधन. पूर्ण थ्रॉटलवर टर्बो पेट्रोल इंजिने साधारण ०.७८ ते ०.८५ या दरम्यान ठेवतात, कारण जादा इंधन ज्वलनकक्ष थंड राखते. इथे एका बिंदूवरच्या आकड्यापेक्षा कल अधिक बोलका असतो. आपल्या गाडीत ३६०० ला ०.८२ आहे आणि ६५०० ला ०.८८ झाले आहे. म्हणजे सर्वाधिक इंधन लागते तिथेच मिश्रण पातळ होत चालले आहे. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर पुरे पडत नाहीत याची ही जुनी खूण आहे, आणि इंजेक्टर ड्युटी (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेचा वाटा) ९० टक्क्यांच्या वर असेल तर शंकेला जागाच उरत नाही. अशा गाडीची कमाल पॉवर कितीही सुंदर दिसली तरी ती चाचणी तिथेच थांबवावी. सेन्सर शेपटीच्या पाइपात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे घातलेला असेल किंवा एक्झॉस्ट मध्येच गळत असेल, तर मिश्रण आहे त्यापेक्षा पातळ दिसू शकते, म्हणून सेन्सर कुठे होता हे आधी विचारून घ्यावे. डिझेलचे गणित उलट आहे: तिथे लॅम्डा १ च्या बराच वर असतो आणि तो फार खाली आला की धूर दिसू लागतो.

नॉक, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रणाचे अनियंत्रित पेटणे, डायनोच्या कागदावर दिसत नाही. त्यासाठी ईसीयूचा लॉगच हवा आणि त्यात कोणत्या सिलिंडरचे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किती अंश मागे घेतले गेले ते पाहावे लागते. टायमिंग वाढवत नेल्यास एका मर्यादेपुढे टॉर्क वाढणे थांबते. त्यानंतरचा प्रत्येक जादा अंश पॉवर न देता केवळ पिस्टनचा धोका वाढवतो. ट्यूनरने शेवटचे दोन अंश वाढवल्यावर टॉर्क किती वाढला, हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर ते अंश परत काढून घ्यायला सांगावे.

पाचवी पायरी : एकावर भरवसा नको, तीन रन

एका रनचा कागद म्हणजे एका चेंडूवरून फलंदाज ठरवणे. लागोपाठ तीन रन एकावर एक ठेवून छापून घ्यावेत आणि प्रत्येक रनच्या सुरुवातीचे इनटेकचे तापमान लिहून ठेवावे. आपल्या उदाहरणात पहिला रन ३४ अंशांवर सुरू होऊन ५८ वर संपला आणि २४८ मिळाले. दुसरा ४१ वर सुरू झाला, २४१ मिळाले. तिसरा ४७ वर, २३५. ही गाडी तापली की पॉवर गमावते. इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) लहान आहे, किंवा डायनोसमोरचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही शक्यता खऱ्या असतात, म्हणून पंखा कुठे रोखलेला होता हे स्वतः पाहावे. अनेक ठिकाणी तो रेडिएटरकडे असतो आणि इंटरकूलरला त्याची झुळूकही लागत नाही.

तीन रनमध्ये एक-दोन टक्क्यांचा फरक स्वाभाविक मानावा. २५० पीएसच्या गाडीत तो पाचपर्यंत जातो, त्यामुळे तीन पीएसच्या वाढीला वाढ म्हणता येत नाही. टायरमधली हवा, गाडी बांधणारे पट्टे किती आवळले, कोणता गिअर घेतला, रॅम्प (आरपीएम वाढवत नेण्याचा टप्पा) किती वेगाचा ठेवला, या सर्वांनी आकडा हलतो. जास्त आवळलेले पट्टे टायर रोलरवर दाबून धरतात आणि पॉवर खातात. खालच्या गिअरमधला झटपट रन टर्बोला बूस्ट बनवायला वेळ देत नाही, त्यामुळे टॉर्क उशिरा आलेला दिसतो. आधीचा आणि नंतरचा रन एकाच यंत्रावर, शक्यतो एकाच दिवशी, त्याच गिअरमध्ये आणि त्याच पट्ट्यांवर घ्यावा, आणि दोन्हींमध्ये गाडीत एकच गोष्ट बदललेली असावी.

सहावी पायरी : कोणता मॅप वेगवान

आता कमाल आकड्याकडे वळता येईल. समजा दोन मॅप आहेत. पहिला ६३०० आरपीएमला २६५ पीएस देतो. दुसरा ५७०० ला २५०. कागदावर पहिला पंधरा पीएसने पुढे आहे. पण गाडी गिअर बदलते, आणि दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९५ व तिसऱ्याचे १.३६ असेल तर ६६०० ला गिअर बदलल्यावर इंजिन जवळपास ४६०० वर येऊन पडते. म्हणजे त्या बदलानंतर इंजिन ४६०० ते ६६०० याच पट्ट्यात राहते. ४६०० ला पहिल्या मॅपमध्ये ३०० न्यूटन मीटर आहेत, म्हणजे १९६ पीएस; दुसऱ्यात ३५० आहेत, म्हणजे २२९. गिअर पडल्या क्षणी दुसरी गाडी ३३ पीएसने पुढे असते आणि पहिलीला ती तूट वरच्या हजार आरपीएममध्ये भरून काढावी लागते. दोन्ही कागदांवर ४६०० आणि ६६०० या ठिकाणी पेन्सिलीने उभ्या रेषा मारून त्यांच्यामधले पॉवरच्या रेषेखालचे क्षेत्र नजरेने तोलावे. दर ५०० आरपीएमला आकडा घेऊन सरासरी काढली तर अधिक चांगले. स्वतःच्या गाडीची गिअर गुणोत्तरे माहितीपुस्तिकेत मिळतात.

हीच पद्धत गिअर कधी बदलावा हेही सांगते. पुढच्या गिअरमध्ये पडल्यावर मिळणारी पॉवर सध्या मिळत असलेल्या पॉवरइतकी होईल, तोपर्यंत थांबावे. कमाल पॉवरच्या आरपीएमलाच गिअर बदलणारे बहुतेक वेळा घाई करतात.

डायनोवरून निघताना छापील कागदाबरोबर मूळ डेटाची फाइल, करेक्शनविना आकडे आणि ईसीयूचा लॉग पेनड्राइव्हवर मागून घ्यावा, आणि कागदाच्या मागे त्या दिवशीचे इंधन, टायरमधली हवा, घेतलेला गिअर आणि खोलीचे तापमान स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. वर्षभराने पुढचा मॅप घ्यायला जाल तेव्हा तुलनेसाठी त्या चार ओळी लागतील, आणि त्या कोणत्याही यंत्राच्या आठवणीत राहिलेल्या नसतील.